उन्हाच्या आड

पुनम रामटेकेच्या नोकरीत तक्रारींखेरीज दुसरं काही नसायचं. चंद्रपूरच्या एका लाकूड-पॉलिशच्या कंपनीत ती होती. पॉलिश विकणारे वेगळे, लावणारे वेगळे. रंग बिघडला की मात्र पुनमला पाठवायचे. सहा वर्षांत तिनं पांढरे पडलेले जिने पाहिले, काळे ठिपके उठलेली देवघरं पाहिली, एका वकिलाच्या टेबलावर उमटलेलं चहाच्या किटलीचं गोल बूडही पाहिलं. दर वेळी कारण सापडायचं. ओला लोखंडी खिळा सागवानाला लागला की तिथं काळं पडतं. पॉलिशखाली ओल कोंडली की वर दुधासारखी साय धरते. रंग आपोआप बदलत नसतो, हे ती कामावर नव्यानं लागलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगायची. त्याला काहीतरी लागतं, नाहीतर काहीतरी लागायचं राहून जातं.

फेब्रुवारीत आलापल्लीकडून तक्रार आली. गावापासून सात-आठ किलोमीटरवर, जंगलाला लागून असलेल्या एका वस्तीत नवी अभ्यासिका बांधली होती. एकच लांब खोली, आणि तिच्या पूर्वेकडच्या भिंतीला आतून, जमिनीपासून छतापर्यंत, सागवानाच्या फळ्या. त्या फळ्यांवर डाग पडला होता.

पुनम सकाळच्या बसनं निघाली आणि आष्टीला गाडी बदलून दुपारी पोहोचली. पानगळ सुरू होती. सागाची थाळ्याएवढी वाळकी पानं रस्त्यावरून खरडत जात होती आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला मातीचा कोरडा वास होता.

ठेकेदार कुलदीप दारातच उभा होता. तिशीतला, घाईचा माणूस. "पाहा मॅडम," तो म्हणाला, "तुमचं पॉलिश असं राह्यते का?"

खोली पश्चिमेला उघडी होती. तिकडे चार मोठ्या खिडक्या, काचा अजून बसायच्या होत्या, नुसते गज आणि जाळी. दोन वाजल्यानंतरचं ऊन सरळ आत येऊन समोरच्या लाकडी भिंतीवर पडत होतं. भिंत मधासारख्या रंगाची झाली होती. फक्त मध्यभागी, माणसाच्या उंचीचा एक पट्टा फिका होता. कडा विरलेल्या. आरशावर श्वास सोडावा आणि तो पुसायचा राहून जावा, तसा.

पुनमनं पिशवी खाली ठेवली आणि कामाला लागली. नखानं खरवडून पाहिलं, वास घेतला, पाण्याचा थेंब टाकून पाहिला. ओल मोजायचं यंत्र फिक्या जागी लावलं, मग गडद जागी. दोन्हीकडे आकडा सारखाच. पॉलिश एकसंध बसलं होतं, कुठे फुगवटा नाही, पापुद्रा नाही.

"पॉलिशले काही झालं नाही," ती म्हणाली. "सागवान नवं कापलेलं असतं तेव्हा फिकं, हिरवट असतं. ऊन लागलं की आठ-पंधरा दिवसांत हा रंग येतो. इथं ऊन पोचलं नाही, एवढंच. शिडी, प्लायचा तुकडा, काहीतरी टेकवून ठेवलं असन."

"काईच टेकवलो नाई मॅडम." बोलणारा कोपऱ्यात उभा होता. चाळिशीचा, हडकुळा, कानामागे पेन्सिल. हा लालसू, भिंतीचं काम करणारा सुतार. "फळ्या ठोकलो, रंधा मारलो, दोन हात पॉलिश मारलो आणि सामान बाहेर काढलो. तवापासून खोली रिकामीच आहे. टेबलं या बाजूले, खिडकीखाली. तिकडे कोणी बसत नाई."

कुलदीप हसला. त्या हसण्यात चेष्टा नव्हती. पुनमला बाजूला घेऊन तो हळू आवाजात म्हणाला, "हे यानंच केलं आहे. ॲसिड लावलं, नाहीतर काही झाडपाला. मोठा भाऊ होता याचा, दसरू. दोन वर्षांआधी मोहफुलं वेचाले पहाटे गेला, आलाच नाही. अर्धं भरलेलं टोपलं सापडलं. रक्त नाही, वाघाचा पंजा नाही. आठ दिवस जंगल पालथं घातलं लोकांनी. आता हा भिंतीवर भावाचं चित्र काढून गावाले भेवाडते."

"चित्र कुठं दिसते तुम्हाले त्यात? नुसता पट्टा आहे."

कुलदीप त्या पट्ट्याकडे पाठ करून उभा राहिला.

खोलीत एक बाई झाडत होती. पुनमनं तिच्याकडे पाहिलं ते झाडण्याचा आवाज थांबला म्हणून. फिक्या पट्ट्यासमोर आल्यावर बाईनं झाडू उचलून घेतला, दोन पावलं वळसा घातला आणि पलीकडून पुन्हा झाडायला लागली. कोणाच्या पायाला झाडू लागू नये म्हणून घालतात, तसा वळसा.

"मंगली," लालसू म्हणाला. "माझी वहिनी."

पुनमनं कुलदीपला दहा दिवस थांबायला सांगितलं. समोर काही ठेवू नका, ऊन येऊ द्या, फिकं आपोआप भरून येईल. हे तिनं शंभर ठिकाणी सांगितलं होतं आणि शंभर ठिकाणी तसंच झालं होतं.

अकराव्या दिवशी लालसूनं मोबाइलवर फोटो पाठवला. पुनम जेवत होती. तिनं घास खाली ठेवला आणि फोटो मोठा करून पाहिला.

भिंत आणखी गडद झाली होती. फिका भाग होता तसाच होता, पण त्याच्या कडा आता विरलेल्या नव्हत्या. मान दिसत होती. दोन खांदे दिसत होते, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं खाली होता.

घास तसाच राहिला. ऊन स्थिर नसतं, दुपारभर सरकतं. भिंतीपासून दूर असलेल्या वस्तूची सावलीही तिच्याबरोबर सरकते आणि कडा पुसट येतात. कडा अशा चाकूनं कापल्यासारख्या यायच्या तर वस्तू भिंतीला टेकलेली हवी. रोज, दुपारभर, एकाच जागी.

फोन वाजला. लालसूच होता. "मॅडम, अभ्यासाच्या दोन पोरींनी यायचं बंद केलं. कुलदीपभाऊ म्हणते, पोलिसात नाव देतो. तुम्ही लिहून द्या ना, मी काई केलो नाई म्हणून."

"लिहीन," पुनम म्हणाली. "पण आधी पाहू द्या."

या खेपेला तिनं सोबत कागद नेला. बल्लारपूरच्या कागद कारखान्यातल्या ओळखीच्या निकेशकडून तिनं कोऱ्या वर्तमानपत्री कागदाची गुंडाळी मागून घेतली होती. हा कागद उन्हाला सर्वांत हळवा, दोन दुपारींत पिवळा पडतो. त्यावर कोणी काही लावलं तर तो फुगतो, आकसतो, लपत नाही. लालसू आणि तिनं मिळून सगळी लाकडी भिंत त्या कागदानं मढवली. मग तिनं खोली रिकामी केली, खिडक्यांच्या जाळ्या हातानं ओढून पाहिल्या, दाराला स्वतःचं नवं कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. तीन दिवस ती आलापल्लीला लॉजवर राहिली. रोज दोनदा येऊन कुलूप तपासायची.

दर वेळी मंगली पायरीवर बसलेली असायची. पदरात काहीतरी निवडत. तिसऱ्या दिवशी पुनम तिच्याजवळ बसली.

"मंगलीबाई, तुम्हाले काय वाटते?"

मंगलीनं निवडणं थांबवलं. तिच्या मराठीला माडिया बोलीचा हेल होता, शब्द तोलून ठेवल्यासारखे. "कावड वाहे तो. लहानपणापासून एकाच खांद्यावर. खांदा उतरला होता त्याचा." मग म्हणाली, "ऊन लई आवडे त्याले. थंडीत जेवण झालं का उन्हात जाऊन उभा राहे. बस म्हटलं तरी बसत नव्हता."

"भेव नाही वाटत?"

"काऊन वाटन?" मंगलीनं तिच्याकडे पाहिलं. "माणूस घरी आला तर भेव वाटते का बाई?"

त्या दुपारी चार वाजता पुनमनं कुलूप उघडलं. सोबत लालसू आणि कुलदीप होते.

कागद पिवळा पडला होता. जुन्या पुस्तकाच्या पानांसारखा, सगळीकडे सारखा. आणि त्या पिवळ्यात पांढराशुभ्र राहिलेला एक माणूस होता. फळ्यांवरची जागा त्यानं सोडली होती. दोन फूट उजवीकडे, दाराच्या दिशेनं. तोंड समोर नव्हतं, एका बाजूला वळलं होतं, त्यामुळे नाक, ओठ, हनुवटी रेघेसारखी उठली होती. तो दाराकडे पाहत होता.

कुलदीप आधी मागे सरकला, मग बाहेर गेला, आणि बाहेरून त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला.

लालसू भिंतीजवळ गेला. त्यानं हात उचलला, पण कागदाला लावला नाही. "नाक त्याचंच आहे," तो म्हणाला.

पुनमनं कागद उतरवला. उलटा करून पाहिला, पाणी लावून पाहिलं, प्रकाशासमोर धरला. कशाचाही लेप नव्हता. त्या भागावर ऊन पडलं नव्हतं, एवढंच.

आता लालसूला कोणी दोष देऊ शकत नव्हतं, कारण किल्ली तिच्या गळ्यात होती. पण अहवालात काय लिहायचं? वस्तुस्थिती लिहिली तर कंपनी तिला घरी बसवेल, आणि न लिहिली तर कुलदीपची भीती ओसरल्यावर पुन्हा लालसूच सापडेल. तिला कारण हवं होतं. कारण असतंच, एवढीच तिच्या पायाखालची जमीन होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती एकटी आत जाऊन बसली.

ऊन आलं. आधी जमिनीवर, मग फळ्यांच्या तळाशी, मग हळूहळू वर. जाळीच्या बारीक चौकटी लाकडावर पडल्या आणि सरकू लागल्या. पुनम खुर्चीत ताठ बसून पाहत राहिली. भिंतीवर कुठेही सावली नव्हती. फिक्या माणसावर, त्याच्या शेजारी, दाराजवळ, सगळीकडे ऊन सारखंच पडत होतं. ती उठून उन्हात उभी राहिली. तिची सावली भिंतीवर पडली, व्यवस्थित, काळी. ती बाजूला झाली, सावली गेली.

डोळ्यांना दिसत होतं ते सरळ होतं. मग लाकडाला काय दिसत होतं?

बाहेर पाखरांचा आवाज होता तो थांबला. केव्हा थांबला ते तिच्या ध्यानात आलं नाही.

ती भिंतीशी गेली. दाराच्या बाजूला, कागदावर तो उभा होता त्या जागी. पाठीवर ऊन भाजत होतं. कुडता पाठीला चिकटला होता. तिनं उजवा हात आपल्या सावलीबाहेर काढून पुढे केला.

ऊन हातावर पडलं होतं. नखं चमकत होती, मनगटावरच्या घड्याळाच्या काचेचा ठिपका भिंतीवर हलत होता.

पण हाताला ऊब नव्हती.

तिनं हात मागे घेतला. ऊब आली. पुन्हा पुढे केला. मनगटापर्यंत ऊब, मनगटापुढे विहिरीच्या तळासारखं गार.

ती हात तसाच डावीकडे नेत गेली. गारवा संपला. उजवीकडे नेला. गारवा आला, आणि संपला. वर नेला. खांद्याच्या उंचीला तो एका बाजूला खाली उतरला होता.

पुनम थांबली. हात हवेतच होता.

तो गारवा तिच्या हाताबरोबर हलला. मनगटावरून कोपराकडे आला. सावकाश, कोणी अर्धं पाऊल पुढं टाकावं तसा.

ती बाहेर कशी आली हे तिला नंतर आठवलं नाही. पायरीवर मंगली होती. तिनं पुनमचा हात आपल्या हातात घेतला आणि दोन्ही तळव्यांत चोळला.

संध्याकाळी पुनमनं लालसूला सांगितलं, "रंधा मारा. सगळ्या भिंतीवर. वरचा थर निघून जाऊ द्या. खिडक्यांना आधी जाड पडदे, मग गडद काचा. ऊन आत यायलाच नको."

लालसू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "वहिनी नको म्हणते."

"आणि तुम्ही?"

"मले काम पाहिजे मॅडम. नाव चोख पाहिजे." थोड्या वेळानं तो म्हणाला, "पण तो माझा भाऊ होय."

पुनमनं मंगलीला बाहेर बोलावून समजावलं. डाग राहिला तर लालसूभाऊवर आळ राहील, पोरी अभ्यासाला येणार नाहीत, उद्या हेच लोक सगळी भिंत उखडून जाळतील. सगळं खरं होतं. मंगली ऐकत होती. आपण भराभर बोलतोय हे पुनमला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

मंगली शेवटी एवढंच म्हणाली, "आता तो कुठी उभा राहीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन आत यायच्या आधी, लालसूनं रंधा धरला. पुनम दाराशी उभी होती. गडद फळ्यांवरून तांबूस साल निघत होती, फिक्या जागेवरून हिरवट पांढरी. पायाशी दोन रंगांचा भुगा जमत गेला. डोक्याच्या जागी आल्यावर लालसू थांबला, त्यानं कपाळ फळीला टेकवलं, काहीतरी पुटपुटला आणि मग रंधा एकदाच, लांब, वरून खाली ओढला. खाली सगळं लाकूड एकसारखं कोरं निघालं. मंगलीनं तो फिका भुगा वेगळा गोळा केला, पदरात बांधला आणि घरी नेला. त्यानंतर ती अभ्यासिकेकडे फिरकली नाही, असं लालसूनं पुढे फोनवर सांगितलं.

पुनमनं अहवाल लिहिला. बांधकाम चालू असताना भिंतीला टेकवलेल्या वस्तूमुळे उन्हाचा अभाव. कारागिराचा दोष नाही, पॉलिशचा दोष नाही. खाली सही केली. कुलदीपनं हूं की चूं न करता तो घेतला आणि लालसूला गोंडपिपरीकडचं पुढचं काम दिलं. महिन्याभरात भिंत मंद प्रकाशात सारख्या रंगावर आली. पोरी परत आल्या. लालसू फोटो पाठवत राहिला. पुनम दर फोटो मोठा करून कोपरे, दाराकडची बाजू, फळ्यांचे सांधे पाहायची. कुठेच काही नव्हतं. हळूहळू तिनं फोटो मोठे करून पाहणं सोडलं.

एप्रिल संपत आला. चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसवर गेला. पुनमचं घर बल्लारपूरला, ऑफिस चंद्रपूरला. रोज स्कूटीनं जाणं-येणं. सकाळी उत्तरेला जाताना ऊन उजवीकडून, संध्याकाळी दक्षिणेला परतताना पुन्हा उजवीकडूनच. सनकोट घालायचा तिला कंटाळा. दर उन्हाळ्यात तिचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा पडायचा आणि घरात त्यावरून चेष्टा व्हायची.

रविवारी दुपारी ती आईसमोर बसून कैऱ्या चिरत होती. आई, भागीरथाबाई, मिठाची बरणी पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"पुनम, इकडं दाखव बरं हात. दोन्ही."

पुनमनं दोन्ही हात पुढं केले.

"हे पाह्य," आई म्हणाली. "डावा करपला आहे. आणि उजवा गोरा! दरसाली उलटं राह्यते ना? गालही तसाच. इकडचा काळा, इकडचा नाही. यंदा कोण चालते वं तुह्या बाजूनं छत्री धरून?"

आई स्वतःच्या बोलण्यावर हसली आणि आत मीठ आणायला गेली.

पुनम हसली नाही. सुरी तिनं ताटात ठेवली. घड्याळ ती उजव्या हातात बांधायची. उन्हाळ्यात ते काढलं की पट्ट्याखालची कातडी वेगळी दिसायची, पांढरी गोल रेघ.

तिनं पट्टा सोडला आणि घड्याळ बाजूला ठेवलं.

हातावर रेघ नव्हती. बोटांपासून दंडापर्यंत सगळा हात एकाच रंगाचा होता, पट्ट्याखालच्या कातडीच्या.